द्राक्षाला वास येतो?

जपानला जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, ऑफिसातून रात्री साडेदहाला परत येत होते आणि भूक लागली म्हणून निशी-कासाई स्टेशनच्या बाहेरच्या कोनबिनीत शिरले. कोनबिनी म्हणजे तिकडचं चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, जिथे बिल भरण्यापासून मोजे विकत घेण्यापर्यंत सगळं होतं. तिथे काउंटरकडे जाताना डाव्या हाताला एक अख्खी मांडणी फक्त गमीची होती. हो, ती लहान मुलांची रबरासारखी गोळी, तीच. आणि मांडणीसमोर उभा कोण, तर पन्नाशीचा सूटबूटवाला माणूस, बॅग दोन पायांच्या मधे ठेवून, आमच्याकडे लोक तूरडाळ निवडतात तेवढ्या गंभीरपणे दोन पाकिटांमधे निवड करत होता. मला वाटलं असेल पोराबाळांसाठी. त्याने एक घेतलं, पैसे दिले, दारातच फोडलं आणि खात खात गेला.

मग मी पण एक घेतलं. जांभळं. वाचता काही येत नव्हतं पण वर द्राक्षाचा घड होता आणि मी नाशिकची, माझ्या मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षाची बाग, त्यामुळे द्राक्ष या विषयात मला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत. रस्त्यात उभं राहून एक तोंडात टाकली. पहिली दोन सेकंद छान, मऊ, दाबली की परत वर येणारी. आणि मग तो वास आला. नाकातून. लहानपणी पाण्यात कालवून प्यायचो त्या जांभळ्या सरबताच्या पावडरीचा, आणि थोडासा सर्दीच्या सिरपचा. मी मनात म्हटलं, एवढा मोठा देश, एवढी टेक्नॉलॉजी, आणि द्राक्षाची चव अशी खोटी? अरे द्राक्षाला वास येतो का कधी?

हे वाक्य मी पुढे चार-सहा महिने बऱ्याच लोकांना ऐकवलं. लक्षात ठेवा.

तर गमीचं असं आहे की मूळ वस्तू जर्मनीची. बॉनच्या हान्स रीगलने १९२० मधे हारिबो काढली आणि १९२२ मधे गमीची नाचणारी अस्वलं. गुम्मी म्हणजे जर्मनमधे रबर. जपानमधे पहिली गमी आणली मेईजीने, १९८० साली, कोला अप नावाची, कोल्ड्रिंकच्या चवीची, आणि मग १९८८ मधे त्याच कंपनीची काजू गुमी आली. आपल्याला वाटतं काजूची, तसं नाहीये, काजू म्हणजे जपानीत फळाचा रस. (मी एका मराठी मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं की आज काजू गुमी खाल्ली, तिने विचारलं कतलीसारखी लागते का.) तिथून पुढे मात्र जपान्यांनी तिला जी हातात घेतली ती सोडलीच नाही. ९ या आकड्याला 'कु' किंवा 'गु' आणि ३ ला 'मि' असं वाचता येतं म्हणून नवव्या महिन्यातली तीन तारीख, ३ सप्टेंबर, हा गुमी दिवस. २०२१ च्या सुमारास तर गमीचा खप च्युइंगमच्याही पुढे गेला, मास्कच्या दिवसात लोकांनी च्युइंगम चघळणं कमी केलं असं सांगतात, आणि मला ते पटतं, कारण च्युइंगम शेवटी थुंकायला लागतं आणि टोकियोत कचरापेटी शोधणं म्हणजे पुण्यात पार्किंग शोधण्यासारखं आहे. गमी गिळून टाकली की विषय संपला.

अजून एक गंमत. गुमी नावाचं खरं फळ पण आहे जपानमधे, लाल लांबुडकं, अंगावर बारीक ठिपके असलेलं, आंबट-तुरट. त्याचा या गोळीशी काही संबंध नाही, फक्त नाव जुळलंय. पण आपल्या सह्याद्रीत त्याच कुळातलं भावंड आहे, आंबगूळ. ज्यांनी ट्रेकला जाताना आंबगुळं खाल्लीयेत त्यांनी जपानी जंगलात ती गुमी बघितली तर लगेच ओळखतील. मी स्वतः एका देवळामागे बघितली आणि एकटीच खुश झाले.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळा. मी जेव्हा घरी फोनवर आईला सांगायला लागले की ही गोळी नक्की कशी असते, तेव्हा मला शब्दच सापडेनात. म्हणजे शब्द आहेत, ढीगभर आहेत, पण सगळे शिव्या आहेत! गिळगिळीत. बुळबुळीत. लिबलिबीत. चिवट. चामट. वातड. आपल्याकडे खाण्याची वस्तू दातांना विरोध करायला लागली की ती बिघडली. खाजा कुरकुरीत पाहिजे, लाडू खुसखुशीत पाहिजे, भाकरी लुसलुशीत पाहिजे, आणि चकली मऊ पडली तर सुनेचं काही खरं नाही. जपानीत मात्र पुरुपुरु म्हणजे थरथरणारं, मोचीमोची म्हणजे पिठूळ चिवट, हे सगळं कौतुकाचं. माझ्या ऑफिसातली मुलगी गमीचं पाकीट उलटं करून दाखवायची, मागे एक पट्टी छापलेली असते, ही गमी किती कडक आहे ते सांगणारी. तिला संध्याकाळी पाच वाजता बॉसवर राग आला की ती सगळ्यात कडकवाली काढायची. चावायला मेहनत लागते म्हणून बरं वाटतं म्हणे. मी म्हटलं आमच्याकडे त्याला चिक्की म्हणतात.

शेवटी आईला मी काय सांगितलं असेल? म्हटलं, आंबापोळी असते ना, ती दोन दिवस जास्त वाळली आणि मग थोडी पावसाळी हवा लागली तर कशी होईल, तशी. आई म्हणाली, म्हणजे बिघडलेली.

बरं मग त्या वर्षात मी काय काय खाल्लं. पगार झाला की एक नवीन पाकीट असा नियमच करून टाकला होता, शंभर-दीडशे येनमधे एवढी करमणूक टोकियोत दुसरी कुठली मिळत नाही. मिकानची, म्हणजे त्यांच्या छोट्या संत्र्याची, ती मला पहिल्या घासापासून आवडली कारण ती थेट लिमलेटच्या गोळीच्या गावची निघाली. आठवतेय का, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, वर साखर, शाळेसमोरच्या बरणीतली? तीच चव, फक्त दात न तोडणारी. आंब्याची घेतली आणि अर्धी फेकून दिली. ह्याबाबतीत मी समजूतदार होऊ शकत नाही, सॉरी. जपानमधे १९८६ पासून वीस वर्षं भारतीय आंब्याला बंदी होती, फळमाशीच्या भीतीने, ती २००६ मधे उठली आणि आता गरम वाफेची ट्रीटमेंट करून हापूस जातो, पण तो इतका थोडा आणि इतका महाग की तिकडच्या माणसाच्या डोक्यातला आंबा हा हापूस नसतोच, लालसर सालीचा वेगळाच असतो. त्यामुळे गमी पण त्याच आंब्याची. बिचाऱ्यांचा दोष नाही.

पीचची गमी. ही मी नुसती वास घ्यायला पण पाकीट उघडायचे. आणि गंमत बघा, पीचच्या बाबतीत मला एकदाही वाटलं नाही की ही चव खोटी आहे, कारण खरा पीच मी आयुष्यात नीट खाल्लाच नव्हता! आपल्याकडे तो कडक आंबट आडू येतो तो सोडला तर. तुलना करायला काही नव्हतं म्हणून मी मुकाट्याने विश्वास ठेवला. द्राक्षाच्या बाबतीत मात्र मी जज होऊन बसलेले.

एकेक गोळी वेगळ्या कागदात बांधलेली ती कासुगाईची, आपल्याकडच्या लोकांनी अमेरिकेत पण बघितली असेल, आशियाई दुकानात मिळते. त्यांच्या पाकिटावर पूर्वीपासून इंग्रजीत एक छोटं ललित लिहिलेलं असायचं, मस्कट द्राक्षाच्या पाकिटावर तर त्या गोळीची तुलना कुठल्यातरी सालस स्त्रीशी केली होती. एवढ्या प्रेमाने गोळीबद्दल कोण लिहितं? आपल्याकडे लिहितात थंड व कोरड्या जागी ठेवा.

पण ती मस्कटची गोळी तोंडात टाकली आणि परत तेच. वास! ह्यावेळी वेगळा, फुलासारखा, गुलाबाच्या बाजूने जाणारा. मस्कट द्राक्षात लिनालूल नावाचं द्रव्य असतं, तेच जे बऱ्याच फुलांमधे असतं. मला तेव्हा हे माहिती नव्हतं. मी फक्त म्हटलं, अगरबत्ती.

मग श्रावणात आई आली.

ऑगस्टमधलं टोकियो म्हणजे मुंबईच्या ऑक्टोबर हीटमधे कोणीतरी ओला टॉवेल तोंडावर धरून ठेवल्यासारखं, त्यामुळे आई दिवसभर घरात, एसीखाली, आणि मी ऑफिसात. कासाईच्या बाजूला भारतीय दुकानं भरपूर आहेत, साबुदाणा राजगिरा सगळं मिळतं, त्यामुळे श्रावणी सोमवारची सोय झालेली होती. पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी घरी आले तर आई खुशीत. म्हणाली, तुझ्या त्या डब्यातल्या द्राक्षाच्या वड्या छान आहेत गं, दुपारी चार-पाच खाल्ल्या, वर फळाचंच चित्र आहे, फळाचा रस म्हणजे उपासाला चालतोच.

माझ्या पोटात गोळा आला.

म्हणजे मी बाहेर सगळं खाते, आईला ते माहितीये, आणि तो विषय काढायचा नाही असं आमचं न बोलता ठरलेलं आहे. पण आईने आयुष्यात अंड्याचा केक खाल्लेला नाही. मी हळूच पाकीट बाथरूममधे नेऊन फोनचा कॅमेरा धरला, मनातल्या मनात म्हणत होते की अगर म्हणजे चायना ग्रास असेल, फळातलं पेक्टिन असेल, काहीतरी झाडपाल्याचं असेल. फोनवर भाषांतर हललं, थरथरलं आणि स्थिर झालं. जिलॅटिन. तिकडे ॲलर्जीसाठी ज्या वस्तू लेबलवर सांगितल्या जातात त्यांच्यात पण जिलॅटिन आहे, त्यामुळे खाली परत एकदा लिहिलेलं, माझ्यासारख्या आंधळीला दिसावं म्हणून. जिलॅटिन म्हणजे जनावराची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ, आणि गमीत तो बहुतेक वेळा डुकराचा किंवा गाईचा. ह्या दोनपैकी कुठला असेल तर जास्त वाईट यावर मी बाथरूममधे उभं राहून खरंच विचार केला.

तुम्ही म्हणाल अगर का नाही घालत? मलाही हाच राग आला. हा चायना ग्रास खरं तर चायनाचा नाहीच, जपानचा आहे, तिकडे त्याला कांतेन म्हणतात, सतराव्या शतकात क्योतोजवळ एका खानावळवाल्याने समुद्रशैवालाची उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली आणि ती गोठून वाळली तेव्हा तो सापडला अशी गोष्ट सांगतात. म्हणजे शाकाहारी जेली ह्यांच्या घरची आणि गमी मात्र जिलॅटिनची! पण त्याला कारण आहे. अगर एकदा घट्ट झाला की ८५ डिग्रीच्या आसपास नेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून तो तोंडात नुसता तुटतो, विरघळत नाही. जिलॅटिन आपल्या अंगाच्या उष्णतेला वितळतं. ती जी गोळी आधी दाताला विरोध करते आणि मग जिभेवर हार मानते ना, तो सगळा खेळ त्या पस्तीस डिग्रीचा आहे. सगळी मजा तिथेच, आणि पापही तिथेच.

आईला सांगायचं की नाही? रात्री जेवताना सांगून टाकलं. आई दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, कुणाचं? म्हटलं लिहिलेलं नाहीये. परत गप्प. मग उठून देवाजवळ गेली, काय बोलली ते तिचं आणि महादेवाचं. परत आली आणि म्हणाली, पुढच्या वेळी आधी वाचत जा, एवढी जपानी शिकलीस ना? आणि मग, भांडी घासताना, पाठ माझ्याकडे करून: वडी मात्र चांगली होती.

ह्या शेवटच्या वाक्यासाठी मी पुढचा आठवडाभर शाकाहारी पर्याय शोधत फिरले. आणि सापडलं ते असं भारी की मी सुपरमार्केटात एकटी हसले. कोन्याकूची जेली. कोन्याकू करतात कोंजाक नावाच्या कंदापासून, गुन्मा प्रांतात जपानचं बहुतेक सगळं पीक येतं, आणि हा कंद कोण, तर आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला! सुरण आमच्या घरी उपासाला चालतो. म्हणजे पीचच्या रसात घातलेला सुरणाचा भाऊ पण चालायला पाहिजे. आईने हे लॉजिक दोनदा ऐकलं, पाकीट उलटसुलट केलं, आणि मग तिची नजर त्या चित्रावर पडली. मागे एक लहान मूल आणि एक म्हातारं माणूस काढलेलं असतं, की ह्या दोघांनी खाऊ नये. पूर्वी ही जेली घशात अडकून लहान मुलं आणि वयस्कर माणसं गेलीयेत, म्हणून. आई म्हणाली, ही म्हातारी माझ्यासारखी दिसते का? मी म्हटलं आई, मी बारीक तुकडे करून देते. तिने सुरी स्वतः घेतली, विळी असती तर विळीवर केले असते, आणि त्या एवढ्याशा जेलीचे साबुदाण्याएवढे तुकडे करून चमच्याने खाल्ले, अगदी सावकाश. ठीक आहे म्हणाली. पण त्या द्राक्षाच्या वडीसारखं नाही.

मला आता ते द्राक्षाचं कौतुक झेपेना. म्हटलं आई, तू स्वतः बागाईतदाराची बहीण, तुला ती चव द्राक्षाची वाटली तरी कशी? ती म्हणाली, द्राक्षाची कुठे म्हटलं मी? छान आहे म्हटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही यामानाशीला गेलो. शिंजुकूहून चुओ लाइनच्या गाडीने दीड-दोन तास, डोंगरातून बोगद्यातून जात जात एकदम खाली मोठी वाटी उघडते आणि वाटीच्या सगळ्या उतारावर द्राक्षं. कात्सुनुमाच्या स्टेशनचं नावच मुळी द्राक्षांचं गाव असं आहे. आई खिडकीला चिकटली. पहिलं वाक्य काय, तर मांडव! बाबांच्या वेळी असेच मांडव होते, आता वायवर गेले सगळे. म्हणजे आपल्याकडे आता इंग्रजी वाय अक्षरासारख्या अँगलवर वेल चढवतात ते. इथे अजून डोक्यावर सपाट मांडव, त्याखाली वाकून चालायचं, आणि प्रत्येक घडाला पांढऱ्या कागदाची टोपी किंवा पिशवी. आमच्याकडे पण थंडीत घडांना पेपर लावतात, एक्स्पोर्टच्या मालाला गुलाबी छटा येऊ नये म्हणून, अख्ख्या बागेत वर्तमानपत्रं लटकलेली दिसतात. आईला ते पांढरे कागद बघून वाईट वाटलं. वाचायला काही नाही म्हणाली.

तिथे पैसे भरले की कात्री आणि टोपली मिळते. बागेची मालकीणबाई सत्तरीच्या, वाकलेल्या, गळ्यात टॉवेल, आईएवढ्याच उंचीच्या. त्यांनी आम्हाला क्योहोच्या वेलीखाली उभं केलं. क्योहो म्हणजे मोठं शिखर, १९४० च्या दशकात ज्यांनी ही जात काढली त्यांनी फुजीवरून नाव ठेवलं. मणी जवळपास लिंबाएवढा, काळा, वर पांढरी लव. आईने तोडला, पुसला, अख्खा तोंडात टाकला आणि चावला. चेहरा वाकडा. साल जाड, कडवट, आत गर वेगळाच सरकतोय. बाई हसायला लागल्या, नाही नाही म्हणून हात हलवला, एक मणी घेतला, देठाची बाजू ओठाशी धरली आणि दोन बोटांनी मागून दाबलं. पुळुक. गर आत, साल बोटात.

आईने तसं केलं. मी पण केलं.

आणि माझ्या नाकात तो वास भरला. तोच. सरबताच्या पावडरीचा, सर्दीच्या सिरपचा, रात्री साडेदहाच्या कोनबिनीचा. मण्यातून, वेलीवरून नुकत्या तोडलेल्या खऱ्या मण्यातून. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, अगं ही तर तुझी वडी!

मी तिथेच उभी. आधी डोक्यात काय आलं सांगू? की ह्यांनी फळाला फ्लेवर मारलाय. इतकी मी निब्बर.

क्योहोच्या आईबापांपैकी एकाकडून अमेरिकन लब्रुस्का द्राक्षाचं रक्त आलेलं आहे, काँकर्ड वगैरे ज्या घराण्यातली. त्या घराण्याच्या वासातलं मुख्य द्रव्य मिथाइल अँथ्रनिलेट, आणि जगभरच्या सरबत-गोळ्या-सिरपवाल्यांनी द्राक्षाचा फ्लेवर म्हणून उचललं ते हेच. आपलं थॉमसन, सोनाका हे पूर्ण वेगळ्या युरोप-आशियाच्या घराण्यातलं, गोड, करकरीत, सालीसकट खायचं आणि वासाच्या नावाने शून्य. म्हणजे लहानपणी मी जे सरबत पीत होते ते खोटं नव्हतंच, ते फक्त दुसऱ्याच द्राक्षाचं होतं, ज्याची ओळख करून द्यायला आमच्या नाशकात कोणी आलं नाही. आणि मी त्याला इतके महिने खोटारडं म्हणत फिरले.

त्यात तिकडे गमीची एक जात आहे, कोरोरो नावाची, वर पातळ पापुद्रा आणि आत मऊ, दाताखाली साल फुटल्यासारखी वाटते. ती मी दोनदा खाऊन आचरट म्हणून सोडून दिली होती. ती द्राक्षाची नक्कल आहे हे मला त्या मांडवाखाली कळलं. तो पापुद्रा म्हणजे साल, ती पुळुक म्हणजे ही पुळुक.

आता त्या बाई. आई आणि त्या, दोघींची भाषा वेगळी, पण घड हातात घेऊन बघायची पद्धत एक. आईने मणी दाबून विचारलं, बी नाही? मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या नाही, कारण जिबे करतो. कपात घड बुडवायची अ‍ॅक्टिंग करून दाखवली, एकेक घड, फुलोऱ्याच्या वेळी, परत काही दिवसांनी एकदा. मी जिबे म्हणजे काय ते फोनवर शोधतेय, जिबेरेलिन, तोवर आई म्हणाली, जीए! मामा डिपिंग करतो ते!

खरंच तेच. जीए म्हणजे जिबेरेलिक ॲसिड, नाशकात ह्याच्याशिवाय एक बाग उभी राहत नाही, मणी लांब आणि फुगीर व्हायला घड त्याच्यात बुडवतात, मामाकडे त्या दिवसात बायका हातात मग घेऊन ओळीने उभ्या असतात, मी सुट्टीत हे शंभर वेळा बघितलंय. पण ते आलं कुठून हे मला कधी सुचलं नाही विचारायचं. ते जपानचं. भाताला एक रोग होता, रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि मरायची, तिकडे त्याला मूर्ख रोप असंच नाव, १९२६ मधे कुरोसावा एईइची यांनी दाखवलं की एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्यामुळे हे होतं, १९३५ मधे याबुता तेइजिरो यांनी त्याला जिबेरेलिन नाव दिलं, आणि १९६० च्या आसपास जपानी बागाईतदार त्याच्यात द्राक्ष बुडवून बिया घालवायला लागले. म्हणजे पिंपळगावच्या मळ्यातल्या त्या मगात जे होतं त्याची सुरुवात एका जपानी भाताच्या खाचरात. तिघी मिळून आम्ही त्या मांडवाखाली हसत होतो, बाईंना नक्की काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी आईच्या टोपलीत दोन घड जास्तीचे टाकले.

परत येताना गाडीत आईने शाईन मस्कट पण चाखलं, हिरवं, सालीसकट खायचं, बिनबियांचं, २००६ मधे नोंदवलेली जपानी जात, दुकानात एका घडाला दीड-दोन हजार येन सहज. तिकडे फळ ही भेट द्यायची वस्तू आहे, खोक्यात, रिबन लावून, रोज खायची नाही. (म्हणून तर गमी एवढी खपत असणार, दीड हजाराचा घड परवडत नाही त्याला दीडशेत त्याचा वास. हे माझं आपलं मत.) आईने डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाली, अगरबत्ती. मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीत मी भारतात आले तेव्हा बॅगेत सात-आठ पाकिटं. मामाकडे काढणी चालू होती, क्रेटच्या थप्प्या, ट्रॅक्टर, व्यापाऱ्याचा माणूस साखर मोजायचा ब्रिक्समीटर घेऊन फिरतोय. मामा माळकरी नाही, त्याला जिलॅटिनचं काही नाही, तरी मी आधी सांगितलं, अनुभवाने शहाणी झालेली. तो म्हणाला आण इकडे. बांधावर बसून जांभळी तोंडात टाकली, चघळली, दोन सेकंद थांबला.

मी वाटच बघत होते की आता म्हणेल, द्राक्षाला वास येतो का?

तो म्हणाला, बंगलोर ब्लू.

मी म्हटलं काय?

म्हणाला, बंगलोरकडचं काळं द्राक्ष, रसाला जातं ते, असाच वास, कधीतरी तिकडे बागा बघायला गेलो होतो तेव्हा खाल्लेलं. साल सुटते त्याची. मग पायाने वेलीच्या बुडाकडे दाखवलं. म्हणाला, आणि हे खाली काय आहे? डॉगरिज. खालची मुळी अमेरिकन जंगली, वर थॉमसन बांधलेलं, सगळ्या तालुक्यात असंच. तुला माहिती नाही?

नव्हतं माहिती. तीस वर्षं त्या वेलींखाली खेळले.

त्याने दुसरी गोळी घेतली, दोन बोटांत धरून उन्हासमोर बघितली, आरपार, जसा तो मणी बघतो. विचारलं, साखर किती भरते ह्यात? मी म्हटलं ऐंशीच्या आसपास ब्रिक्स येईल. मामाचा माल त्या दिवशी अठराला तुटत होता. त्याने ती गोळी परत एकदा फिरवून बघितली.

म्हणाला, बी पण दिसत नाही. जीए मारला असणार.